काकाच्या लग्नाला यायचं हं! : आमची वाटचाल

२०२०च्या टाळेबंदीत माळा आवरताना लहानपणीची कुस्तीगीरांची ट्रम्प कार्डं सापडली. रबरबँड वितळून वरच्या आणि खालच्या कार्डाला चिकटला होता, मधली मात्र कोरी करकरीत. विकायला ठेवली, दोन दिवसांत गेली. मग भाच्याकडची डबल आलेली पोकेमॉन कार्डं, मग लोकांचे जुने संग्रह. सदाशिव पेठेतल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर धंदा सुरू झाला तो असा. दोन वर्षांनी नोकरी सोडली. त्यावर घरात जे बोलणं झालं ते इथे नको.

कार्ड विकणं सोपं, धड पोचवणं अवघड. ६३ बाय ८८ मिलिमीटरचा, दोन ग्रॅमसुद्धा न भरणारा तुकडा. पण कोपरा दबला की भाव पडलाच. त्या धास्तीने बोहरी आळीतून सगळं नवं आणायचो. बबल रॅप, खोकी, टेप. शंभर रुपयांच्या कार्डाला तीस रुपयांचं पॅकिंग! हिशेबाची वही बघून आई म्हणाली, "अरे, तू कार्डं विकतोस की खोकी?" आणि कपाटातून लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढून समोर ठेवला.

पत्रिकेचा पुठ्ठा ताठ असतो, वजनाला हलका. टॉपलोडर, म्हणजे कार्ड ठेवायचं कडक प्लास्टिकचं पाकीट, त्यापेक्षा बोटभर मोठे दोन तुकडे कापायचे, मध्ये टॉपलोडर ठेवून चारी बाजूंनी मास्किंग टेप. पाकीट पन्नास ग्रॅमच्या आत बसतं, म्हणजे स्पीड पोस्टाचा सगळ्यात खालचा दर. एकदा नागपूरच्या गिऱ्हाइकाचा फोन आला, "भाऊ, कार्ड मस्त पोचलं जी. पण आतमध्ये 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' लिहिलंय, तर लग्न कधी आहे?" तेव्हापासून छापील बाजू आत ठेवतो. नावं-पत्ते असलेला भाग आधीच कापून टाकतो, दुसऱ्याची नावं पाठवणं बरंही दिसत नाही.

सगळंच जुनं चालत नाही, हे ठेच लागून कळलं. कार्डाला थेट लागणारी स्लीव्ह, म्हणजे पातळ प्लास्टिकची पिशवी, कायम नवीच. जुनीत बारीक धूळ अडकते आणि चमकत्या कार्डावर रेघा उठतात. टॉपलोडर मात्र परत घेतो. मऊ कापडाने पुसायचा, ट्यूबलाइटसमोर धरून बघायचा, ओरखडे जास्त असतील तर बाद. दहा परत पाठवणाऱ्याला पुढचं टपाल आमच्याकडून. टॉपलोडरच्या तोंडाला सेलोटेप लावायची नाही, चिकटा राहतो आणि तो पुन्हा वापरता येत नाही. मास्किंग टेप लावून टोक दुमडायचं, म्हणजे समोरच्याला नखं घासावी लागत नाहीत. मिठाईचे खोके नकोत, तूप मुरलेलं असतं. वर्तमानपत्रही नको, शाई सुटते. सगळ्यात चांगली औषधांच्या दुकानातली खोकी, कोरडी आणि मजबूत.

त्याच खोक्यांनी एकदा घोळ केला. जुना बारकोड तळाला तसाच राहिला होता, तोच कुठेतरी स्कॅन झाला असणार, कारण आमचं पार्सल पोचलं भलत्याच गावी. कार्ड साडेचार हजारांचं. बारा दिवस फोन करत होतो. मिळालं, पण चूक आमचीच होती. आता रिकामं खोकं घरात आलं की आधी मार्कर फिरतो, मग बाकीचं.

पावसाळा सगळ्यात वाईट. दमट हवेत कार्डं वाकतात, पुठ्ठाही नरमतो. चपलांच्या, बॅगांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या सोसायटीतली मुलं आणून देतात. त्यांना बदल्यात एकेक साधं कार्ड. त्यात चातुर्मासात लग्नं नाहीत, म्हणजे पत्रिकाही नाहीत. गणपतीपर्यंत साठा संपतो. मग लक्ष्मी रोडच्या कापड दुकानांतून नव्या शर्टातले पुठ्ठे मागून आणतो. जरा पातळ असतात, दोनाच्या जागी तीन घालावे लागतात.

यंदा आईने सोसायटीच्या ग्रुपवर आधीच लिहून टाकलंय : तुळशीचं लग्न झालं की येणाऱ्या पत्रिका रद्दीत घालू नका, दुसऱ्या मजल्यावर द्या. खाली एकाने विचारलंय, "काकू, लग्नाला नाही आलात तरी चालेल, पण पत्रिका हवीच का?"