आमची वाटचाल : माशांच्या सांगाड्यांची कार्यशाळा

आमच्या कार्यशाळेची सुरुवात झाली ती महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांना नमुने पुरवण्यापासून. बेडूक, कबुतर, ससा यांचे सांगाडे आम्ही जोडून द्यायचो. माशाला मागणी क्वचितच असे. पुढे गळाने मासेमारी करणारे एक हौशी गृहस्थ स्वतः धरलेला मोठा जिताडा घेऊन आले. कातडे भरून रंगवलेली ट्रॉफी त्यांना नको होती. मासा मेला की त्याचा रंग उडतोच, मग भिंतीवर दिसतो तो रंगवणाऱ्याचा हात, असे त्यांचे म्हणणे. माशाचे जे खरोखर उरते, ते त्यांना जपायचे होते. मला ते मनापासून पटले आणि हळूहळू आमचे बाकीचे काम मागे पडले.

सशाची कवटी म्हणजे एकमेकांत घट्ट बसलेली हाडे. माशाच्या डोक्यात चाळीसहून जास्त हाडे असतात आणि त्यांतली बरीचशी नुसत्या अस्थिबंधांनी धरलेली असतात. जबडा पुढे सरकतो, कल्ल्यांची झाकणे उघडमीट करतात, घसा फुगतो. हे सगळे त्या सैल जोडणीमुळेच शक्य होते. म्हणून मासा उकळला की बंध विरघळतात आणि डोक्याच्या जागी पातळ पापुद्र्यांचा ढीग उरतो. तो पुन्हा जुळवता येतो, फार मोठ्या माशांच्या बाबतीत आम्ही तसे करतोही. पण शक्य असेल तिथे बंध राखून काम करायचे, हे आम्ही ठरवून टाकले. निसर्गाने लावलेला क्रम जागेवर राहिला, तरच त्या सांगाड्यात तो मासा ओळखू येतो.

हे जमले ते डर्मेस्टिड भुंगेऱ्यांमुळे. वाळलेले मांस खाणारे हे किडे जगभरच्या संग्रहालयांत सांगाडे साफ करण्यासाठी मुद्दाम पाळले जातात. खरे काम त्यांच्या केसाळ अळ्या करतात. मोठ्या अळ्या पाठीचे मांस संपवतात, बारीक अळ्या कल्ल्यांच्या कमानींत शिरतात. त्याआधी आम्ही कातडे, आतडी आणि जाड मांस काढतो, पर पसरून टाचण्यांनी फोमवर ताणून ठेवतो आणि मासा पंख्याखाली सुकवतो. ओल्या मांसाला बुरशी लागते. पेटीत अंधार, कोरडेपणा आणि २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान लागते. मांस संपले की अळ्या बंधांकडे वळतात, त्यामुळे मासा नेमका केव्हा बाहेर काढायचा हे ओळखण्यातच या कामाचे निम्मे कसब आहे. आमच्याकडे ते माझ्या धाकट्या बहिणीकडे आहे, आणि तिच्या शब्दापुढे मी जात नाही. हेच किडे तयार नमुन्यांचे शत्रूही असतात. त्यांची खोली आम्ही पहिल्यापासून वेगळ्या इमारतीत ठेवली आणि तिथून निघालेला प्रत्येक सांगाडा आधी डीप फ्रीझरमध्ये जातो, म्हणजे उरलेल्या अळ्या आणि अंडी मरतात.

त्यानंतरचा झगडा तेलाशी. माशाच्या हाडांत तेल मुरलेले असते. ते काढले नाही तर काही महिन्यांनी पांढरा सांगाडा पिवळा पडतो, चिकट होतो, वास मारू लागतो. अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून, ते बदलत राहून तेल उतरवावे लागते. ग्राहकांना आम्ही सांगतो ती मुदत लांब वाटते ती मुख्यतः यामुळे, आणि ती कमी करायला आम्ही तयार नसतो. मग ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, तेही थोडाच वेळ. कपड्यांचे ब्लीच आमच्याकडे वर्ज्य आहे, त्याने हाडे आतून ठिसूळ होतात.

उभारणीचे आव्हान निराळेच. माशाचा मणका पुढून आणि मागून खोलगट असतो आणि दोन मणक्यांमधल्या पोकळीत मऊ गर असतो. तो सुकला की कणा आखडतो. यासाठी मासा येताच लांबीची मापे, फोटो आणि जमल्यास एक्स-रे घेऊन ठेवतो. कण्याच्या वरच्या कमानींतून, जिथून मज्जारज्जू जातो, पितळी सळई ओवून हवा तो बाक देतो. छातीचे पर डोक्यामागच्या हाडांना जोडलेले असतात, त्यामुळे ते डोक्याबरोबर येतात. पोटाचे पर मात्र कण्याला कुठेच जोडलेले नसतात. रोहूमध्ये तर ते नुसते मांसात रुतलेले असतात. मांस गेल्यावर त्यांना बारीक तारेचा आधार द्यावा लागतो. पाठीच्या पराच्या आधारकाड्यांचेही तसेच. रोहू-कटल्यात मांसात सुटे, बेचकीसारखे काटे असतात. ते सगळे जागेवर लावणे हे फार चिकाटीचे काम आहे. ग्राहकाने आग्रह धरला तरच आम्ही ते घेतो. चिकटवायला पॅरालॉइड बी-७२ वापरतो, कारण अ‍ॅसिटोनने ते पुन्हा सोडवता येते आणि पुढे कुणाला दुरुस्ती करायची झाली तर हाड मोडावे लागत नाही.

प्रत्येक ट्रॉफीसोबत एका काचेच्या कुपीत त्या माशाच्या कानातले खडे देतो. घोळीसारख्या माशांत ते चांगलेच मोठे असतात. झाडाच्या खोडासारखी त्यांत वाढीची वलये असतात, आणि संशोधक त्यांवरून माशाचे वय काढतात. आपण धरलेला मासा किती पावसाळे जगला होता हे कळल्यावर लोक त्या सांगाड्याकडे वेगळ्या नजरेने बघतात.

काही कामे आम्ही नाकारतो. शार्क आणि पाकट यांचा सांगाडा कूर्चेचा. तो सुकताना आकसतो, वाकडा होतो, म्हणून त्यांचे फक्त जबडे घेतो. करवत माशाच्या सर्व जाती साइट्सच्या, म्हणजे संकटग्रस्त वन्यजीवांच्या व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहेत. त्याचा कोणताही भाग आम्ही घेत नाही, घरात पिढ्यान्‌पिढ्या असला तरी. कुठल्याही संरक्षित जातीला हाच नियम.

मासा पाठवायचा असेल तर तो साफ करू नका. कल्ले कापू नका, खवले काढू नका. पर ओल्या कापडात गुंडाळा, शेपटी पुठ्ठ्यावर सपाट बांधा आणि अख्खा मासा गोठवा. फॉर्मॅलिनमध्ये कदापि ठेवू नका. त्यातले मांस भुंगेरे नीट खात नाहीत आणि कानातले खडेही त्यात झिजतात.