कानबाईच्या गाण्यांचा षड्ज

संगीतशास्त्रात पीएच.डी. करायचे ठरवल्यापासून 'राग कोणता घेतला?' हा एकच प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो. राग घेतलेला नाही. श्रावणात खानदेशात कानबाई ही देवी घरोघरी बसते, तेव्हा बायका अहिराणीत जी गाणी म्हणतात, त्यांच्या चालींवर मला काम करायचे आहे.

आपल्याकडे लोकगीतांचा अभ्यास बहुधा मराठी विभागांत, लोकसाहित्य म्हणून होतो. त्यामुळे शब्द कागदावर उतरतात आणि चाल गाणाऱ्यांबरोबर जाते. बहिणाबाईंची गाणी १९५२ साली ग्रंथरूपात आली, पण जात्यावरचा त्यांचा सूर त्या पानांतून कसा ऐकू येणार?

खरी अडचण स्वरलिपीची, म्हणजे चाल कागदावर लिहिण्याची आहे. स्वरलिपीची भातखंडे पद्धती रागातील बंदिशीसाठी घडली. तिथे तानपुऱ्यामुळे षड्ज, म्हणजे ज्यावरून बाकीचे स्वर मोजले जातात तो 'सा', आधीच ठरलेला असतो. कानबाईच्या गाण्याला तानपुरा नाही, चाल चार-पाच स्वरांतच फिरते आणि कडव्यागणिक पट्टी नकळत वर सरकू शकते. ओळ जिथे विसावते तो स्वर षड्ज मानला तर एक आकृती मिळते आणि दुसरा मानला तर त्याच चालीतले शुद्ध स्वर कोमल (थोडे उतरलेले) होऊन बसतात, म्हणजे लिपी लिहिण्याआधीच मी गाण्याविषयी एक निर्णय दिलेला असतो. विशारदपर्यंतच्या शिक्षणात हा प्रश्न मला कधी पडला नव्हता, याचे आता नवल वाटते. 'प्राट'सारख्या संगणक-प्रणालीने एकट्या आवाजाची कंपनसंख्या मोजता येते. पण एकीने ओळ सुरू करून बाकीच्यांनी ती उचलली, की तिच्या आलेखावर विसंबता येत नाही. म्हणून पुढे म्हणणारीजवळ एक वेगळा ध्वनिग्राहक ठेवावा लागेल.

प्रवेशाचे नियम त्या मानाने सरळ आहेत: विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार किमान १२ श्रेयांकांचे कोर्सवर्क आणि किमान तीन, कमाल सहा वर्षांची मुदत. मात्र कानबाई रविवारी बसते आणि सोमवारी तिचे विसर्जन होते, त्यामुळे तीन वर्षांत ध्वनिमुद्रणाचे प्रसंग तीनच. एरवी विनंती केल्यास बायका म्हणून दाखवतीलही, पण देवीपुढचे म्हणणे आणि माझ्यापुढचे म्हणणे एकच असेल असे मी गृहीत धरणार नाही. दोन्ही स्वतंत्रपणे मुद्रित करून त्यांची तुलना करण्याचे प्रकरण मी आराखड्यात घातले आहे.