पेशंट केअर टेक्निशियन व्हायचंय? आधी लशींचे कागद गोळा करा

न्यू जर्सीत पेशंट केअर टेक्निशियन (पीसीटी, म्हणजे रुग्णालयात नर्सच्या हाताखाली पेशंटची काळजी घेणारी) कसं व्हायचं, असं हल्ली मला बऱ्याच जणी विचारतात. बहुतेक चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. मुलं मोठी झालेली, ग्रीन कार्ड आलेलं, घरात बसून कंटाळा आलेला. पहिला प्रश्न ठरलेला: ‘अभ्यास झेपेल का गं?’ झेपतो. मी एम.कॉम., रक्त बघितलं की तोंड फिरवणारी, तरी झेपला. एम्प्लॉयी हेल्थच्या, म्हणजे नव्या कर्मचाऱ्यांची तब्येत तपासणाऱ्या रुग्णालयाच्या खात्याच्या, खिडकीपलीकडच्या बाईंशी कसं निभवायचं, हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून आपणहून लिहिते. माझं डोकं अजून पूर्ण थंड झालेलं नाही, हेही आधीच सांगून ठेवते.

अभ्यासाचं उरकून टाकू. पीसीटी असा वेगळा सरकारी दाखला इथे नाही. आधी सर्टिफाइड नर्स एड, म्हणजे सीएनए व्हायचं. देशभरचा नियम किमान ७५ तासांचा आहे, न्यू जर्सी ९० तास मागते: ५० वर्गात आणि ४० नर्सिंग होममध्ये प्रत्यक्ष पेशंटजवळ. मग लेखी परीक्षा, कौशल्याची परीक्षा आणि बोटांचे ठसे. कौशल्याच्या परीक्षेत सगळं येत असूनही लोक हात धुण्यात गुण घालवतात, कारण धुतलेल्या हातानेच नळ बंद करतात. नळ कागदी रुमालाने बंद करायचा. यानंतर रक्त काढणं आणि ईसीजी शिकलात की रुग्णालयं पीसीटी म्हणून घेतात. काही रुग्णालयं तर घेतल्यावर स्वतःच शिकवतात. मला ऑफर लेटर आलं, पगाराचा आकडा बरा होता, आठवड्याला बारा तासांच्या तीन पाळ्या. घरी श्रीखंड झालं. आणि तिथून पुढे गाडी रुतली.

ऑफर लेटरमध्ये खाली बारीक अक्षरात असतं की ही ऑफर एम्प्लॉयी हेल्थच्या मंजुरीवर अवलंबून आहे. मंजुरीसाठी दोन गोष्टी लागतात. तुम्हाला क्षयरोगाचा संसर्ग नाही, आणि गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या यांच्याविरुद्ध तुमच्या अंगात प्रतिकारशक्ती आहे. मागणी रास्त आहे. केमो चाललेल्या माणसाच्या खोलीत आपण जाणार, तेव्हा हे विचारायलाच हवं. माझा राग मागणीवर नाही, ज्या क्रमाने ती पुरी करून घेतली त्या क्रमावर आहे.

क्षयरोगाची तपासणी दोन तऱ्हेने होते. एक स्किन टेस्ट. हाताच्या आतल्या बाजूला त्वचेच्या थरात थेंबभर औषध टोचतात आणि ४८ ते ७२ तासांत गाठ आली का ते बघतात. दुसरी रक्ताची तपासणी. आपल्याकडे बाळ जन्मलं की बीसीजी टोचतात, डाव्या दंडावरची ती खूण आपल्या पिढीत जवळपास प्रत्येकाला आहे. बीसीजी झालेल्या माणसाची स्किन टेस्ट जंतूचा मागमूस नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्ताच्या तपासणीला बीसीजीने फरक पडत नाही. अमेरिकेची सरकारी रोगनियंत्रण संस्था सीडीसीसुद्धा बीसीजी झालेल्यांसाठी रक्ताची तपासणीच बरी म्हणते.

मी बाही वर करून खूण दाखवली. म्हटलं, माझी रक्ताचीच तपासणी करा. बाई म्हणाल्या, ‘आमच्या फॉर्मवर स्किन टेस्ट आहे.’ सीडीसीचं काय? ‘पॉलिसी आहे.’ पुढे मी काहीही विचारलं तरी उत्तर हेच. टोचून घेतलं.

ठरल्या दिवशी गेले. नर्सने हात टेबलावर सरळ ठेवला, बॉलपेनने गाठीच्या दोन्ही कडांना रेघा ओढल्या आणि पारदर्शक मोजपट्टी लावली. भोवतीची लाली मोजत नाहीत, हाताला लागणारी कडक गाठ तेवढी मोजतात, तीही हाताच्या आडव्या बाजूने. बारा मिलिमीटर. रुग्णालयात काम करणाऱ्यांसाठी दहा किंवा त्याहून जास्त म्हणजे पॉझिटिव्ह. लगेच छातीचा एक्स-रे. एक्स-रे अगदी स्वच्छ. तरी फाइलवर ‘पॉझिटिव्ह’ चिकटलं ते चिकटलंच, आता म्हणे तुमच्या डॉक्टरांचं पत्र आणा. घरी नवरा मुलांच्या देखत गमतीने मास्क लावून जेवायला बसला. मला हसू आलं नाही.

मधल्या काळात दुसरी बाजू चालू होती. गोवर वगैरेंसाठी लशीची नोंद दाखवा, नाहीतर रक्तातली प्रतिकारशक्ती मोजा. माझा जन्म १९८१ चा. आईने साताऱ्याहून माळ्यावरच्या ट्रंकेतलं कार्ड शोधून फोटो पाठवला. त्यावर बीसीजी, त्रिगुणी आणि पोलिओ, बस्स. गोवराची लस देशाच्या कार्यक्रमात १९८५ पासून आली, रुबेलाची तर २०१७ पासून. आमच्या घरी गोवर आला होता, कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं, पण आईच्या आठवणीचं सर्टिफिकेट कोण देणार? तेव्हा रक्त तपासलं. गोवर, गालगुंड, कांजिण्या तिन्हींना प्रतिकारशक्ती आहे, रुबेलाला नाही. त्याच खिडकीच्या आतल्या खोलीत मला लगेच एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला तिन्हींची एकत्र लस) टोचली. मला वाटलं, चला, एक काम तरी हातावेगळं झालं.

आठवड्याने माझ्या डॉक्टरांनी फोन करकरून एम्प्लॉयी हेल्थला रक्ताच्या तपासणीसाठी राजी केलं. मी हात पुढे केला, तर बाई कॉम्प्युटरकडे बघत म्हणाल्या, ‘तुम्हाला आत्ताच एमएमआर दिलीये. ही जिवंत जंतूंची लस आहे, क्षयरोगाच्या तपासणीला चार आठवडे थांबावं लागेल.’ नियम खरा आहे, नंतर मी स्वतः वाचला. जिवंत लशीनंतर काही दिवस शरीराची प्रतिक्रिया दबलेली असू शकते, म्हणून तपासणी एक तर लशीच्याच दिवशी करायची, नाहीतर चार आठवड्यांनी. पण मग रक्ताची तपासणी त्याच दिवशी करायला काय झालं होतं? मी पहिल्या दिवसापासून तेच तर मागत होते. हे विचारल्यावर बाईंनी मला खुर्ची दाखवली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

रुग्णालयाचं ओरिएंटेशन महिन्यातून एकदाच असतं. तो महिना हुकला. ज्या मजल्यावर मला घेतलं होतं तिथली मॅनेजर चांगली होती म्हणून जागा राहिली, नाहीतर गेलीच होती.

माझ्याच बॅचला केरळची एक मुलगी होती, तिकडे नर्स होती. तिने ऑफर यायच्या आधीच आपल्या डॉक्टरकडून रक्ताची क्षयरोगाची तपासणी करून घेतली, मग एमएमआर घेतली, आणि दोन्हीचे कागद घेऊन खिडकीवर गेली. तिची स्किन टेस्ट कुणी केलीच नाही, रिपोर्ट फाइलला लागला आणि ती आत. मला हे तिने कँटीनमध्ये सांगितलं तेव्हा इडली घशाखाली उतरेना. तुम्ही तिचंच करा. कोर्सची फी भरायच्या आठवड्यातच डॉक्टरांची वेळ घ्या. आधी क्षयरोगाची रक्त तपासणी, मग लशी. एमएमआरच्या दोन मात्रा लागल्या तर त्यांत किमान २८ दिवसांचं अंतर असतं, कांजिण्यांच्या लशीचंही चार आठवड्यांचं, म्हणजे लवकर सुरुवात केलेली बरी.

शेवटी माझं रक्त घेतलं. चार छोट्या नळ्या, राखाडी, हिरवं, पिवळं आणि जांभळं झाकण, प्रत्येकीत जेमतेम एक मिली. काढणाऱ्या मुलाने प्रत्येक नळी दहादा हलवली, कारण नळीच्या आतल्या भिंतीला औषधाचा लेप असतो, तो रक्तात नीट मिसळावा लागतो. आता मी स्वतः या नळ्या भरते, आणि कुणी घाईत न हलवता रॅकमध्ये ठेवली तर टोकते. रिपोर्ट निगेटिव्ह आला. बाईंनी फॉर्मवर शिक्का मारला आणि मान वर न करता ‘ऑल सेट’ म्हणाल्या. ‘ऑल सेट’! मी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

कामाबद्दल एवढंच सांगते की ते आवडतं. पहिल्या आठवड्यात एका गुजराती आजींचा ईसीजी काढायचा होता. इंग्रजी कळत नव्हतं, छातीवरचं पांघरूण काढू देईनात. मी मराठी-हिंदी-गुजरातीची भेळ करून समजावलं, पांघरुणाखालूनच हात घालून बरगड्या मोजल्या, छातीवर चिकटवायच्या पट्ट्यांपैकी चौथी लावून मग तिसरी दुसरीच्या आणि चौथीच्या मधोमध लावली (क्रम असाच असतो, नवे लोक इथे गोंधळतात), आणि पहिल्याच वेळी रेघ स्वच्छ आली. नर्स ‘नाइस’ म्हणाली. दिवसभर मी हवेत होते.

राहिलेलं, आठवेल तसं. सीपीआरचं कार्ड बहुतेक ठिकाणी अमेरिकन हार्ट असोसिएशनचं बीएलएसच (बेसिक लाइफ सपोर्ट) मागतात. घरबसल्या ऑनलाइन मिळणारी स्वस्त कार्डं बहुतेक रुग्णालयं घेत नाहीत, प्रत्यक्ष पुतळ्यावर छाती दाबून दाखवावी लागते. परीक्षेच्या अर्जावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे, आपलं नवऱ्याचं मधलं नाव इथे हमखास पाय अडकवतं. आधी नर्सिंग होममध्ये नोकरी मिळत असेल तर कोर्सची फी स्वतः भरू नका. नोकरी धरून कोर्स सुरू केला तर नर्सिंग होमला तुमच्याकडून फी घेता येत नाही, आणि कोर्स संपल्यापासून वर्षाच्या आत तिथे लागलात तर भरलेले पैसे हिश्शाने परत मागता येतात. रुग्णालयांना हा नियम लागू नाही. सीएनए झाल्यावर सलग २४ महिने पगारी काम केलं नाही तर परत प्रशिक्षण किंवा निदान परत परीक्षा, तेव्हा ‘बघू नंतर’ करू नका.

आणि हेपेटायटिस बीच्या लशीचं बिल आलं तर भरू नका. रक्ताशी संबंध येणाऱ्या कामावर ही लस मालकाने फुकट द्यायची असते, रुजू झाल्यापासून कामाच्या दहा दिवसांत. ओशाचा, म्हणजे कामाच्या जागी सुरक्षितता बघणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम आहे. मला त्याच खिडकीतून बिल आलं होतं. मी नियमाची प्रत जोडून ते परत पाठवलं, आणि वर ‘पॉलिसी आहे’ असं लिहिलं.