तळपायाची आग थांबली, पण पाय बधिरच राहिले: माझा अनुभव

मधुमेह होऊन बरीच वर्षं झाली होती, तेव्हा रात्री तळपायांची आग सुरू झाली. दिवसा कामात फारसं जाणवायचं नाही. अंथरुणाला पाठ टेकली की मुंग्या, मग सुया टोचल्यासारखं, मग आग. चादरीचा स्पर्श सहन व्हायचा नाही, आणि तरी हात लावून पाहिलं तर पाय गार! आम्ही सोलापूरकर, उन्हाळ्यात पाय जळजळले की उष्णता म्हणायचं, सब्जा प्यायचा, काशाच्या वाटीनं तूप चोळायचं. त्यानं तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, पण आग दिवाळीनंतरही थांबली नाही.

मग मधुमेहाच्या डॉक्टरांनी पाय तपासले. "काकू, डोळे मिटा. लागलं की सांगा." नायलॉनचा एक जाड दोरा असतो, १० ग्रॅमचा दाब पडला की तो वाकतो. तो अंगठ्याखाली, चवड्याखाली ठिकठिकाणी टेकवतात. डोळे मिटून मी दोरा लागायची वाट बघत होते, आणि माझा उजवा पाय तपासून झालासुद्धा होता. त्या क्षणी मी खरी घाबरले. इतके दिवस मला आगीचीच चिंता होती. पाय बधिर झालेत हे ठाऊकच नव्हतं.

नंतर बायोथेसिओमीटरची तपासणी झाली. तळव्याला कंप देत तो हळूहळू वाढवतात, आणि कितव्या व्होल्टला जाणवला ते लिहून घेतात. २५ च्या वर गेलं की पायाला जखम होण्याचा धोका जास्त. माझे दोन्ही पाय त्याच्या वर. रक्तातलं बी १२ जीवनसत्त्वही बघितलं, कारण मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेतल्यानं ते कमी होऊ शकतं आणि त्यानंही अशाच मुंग्या येतात. माझं कमी निघालं, म्हणून इंजेक्शनं सुरू झाली. मेटफॉर्मिन घेणाऱ्या प्रत्येकानं ही तपासणी डॉक्टरांना आवर्जून विचारावी.

पायच आधी का? तर कमरेपासून बोटांपर्यंत जाणाऱ्या नसा शरीरात सगळ्यात लांब. वाढलेली साखर नसांना आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांनाही इजा करते, आणि त्याचा फटका लांबच्या टोकाला आधी बसतो.

आगीसाठी प्रिगॅबलिन ही नसांच्या दुखण्यावरची गोळी रात्री घ्यायला मिळाली. झोप लागली, पण सकाळी उठताना तोल जायचा, घोट्यांवर सूज यायची. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी ती हळूहळू कमी करत बंद केली आणि तिच्याऐवजी ड्युलॉक्सेटिन ही दुसरी गोळी दिली. ती मला मानवली. साखरही त्यांनी सावकाशच खाली आणली, कारण फार झपाट्यानं उतरवली तरी नसांचं दुखणं उलट वाढू शकतं. गोळी देताना ते म्हणाले, "काकू, हिनं वेदना कमी होईल, गेलेली संवेदना परत येणार नाही." हे सगळ्यांना स्पष्ट सांगितलं गेलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. आग थांबली की माणूस बरा झालो म्हणतो आणि पायांकडे बघणं सोडतो. खरं तर बधिर पायात खिळा घुसला तरी कळत नाही.

म्हणून आमचे हे रोज रात्री बॅटरीच्या उजेडात माझे तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघतात. ते गावाला गेले की मी जमिनीवर आरसा ठेवून बघते. आंघोळीच्या पाण्यात आधी कोपर घालते. शेकायची पिशवी घरातून काढून टाकली. अनवाणी चालणं बंद, घरातसुद्धा. देवळात जाणं मात्र सोडवत नाही. वैशाखात फरशी तापलेली असते, म्हणून जाड मोजे घालून सकाळी लवकर जाते.

चवड्याखाली घट्टा होता. दुकानात घट्ट्यावर चिकटवायची औषधी पट्टी, कॉर्न कॅप, मिळते, पण तिच्यातलं औषध कातडी जाळतं आणि बधिर पायाला ते समजत नाही. डॉक्टरांनीच तो घट्टा तासून काढला आणि एमसीआर नावाच्या मऊ रबराची, मागे पट्टा असलेली चप्पल करून घ्यायला सांगितली. साधी चप्पल पायातून निसटली तरी कळायचं नाही, ही पट्ट्यामुळे टिकते. नवी चप्पल पहिल्या दिवशी तासभरच घालायची, मग काढून पाय बघायचा. कुठे लाल झालं असेल तर ती तशीच चांभाराकडे न्यायची आणि ढिली करून घ्यायची.