कोरा ट्रॅक्टर

मागच्या महिन्यात माझ्या आतेभावाने अमेरिकेतील ओहायोहून एक छायाचित्र पाठवले. त्यात त्याच्या शेजाऱ्याच्या अंगणात एक पिवळा-पांढरा, आपल्याकडच्या ट्रॅक्टरपुढे खेळण्यासारखा दिसणारा छोटा ट्रॅक्टर उभा होता. इंटरनॅशनल हार्वेस्टर या कंपनीने १९६१ साली ‘कब कॅडेट’ नावाने आणलेले ते सात अश्वशक्तीचे यंत्र आहे. घराभोवतीची हिरवळ कापणे, भाजीचे वाफे उकरणे आणि हिवाळ्यात बर्फ ढकलणे एवढेच त्याचे काम, म्हणून त्याला तिकडे गार्डन ट्रॅक्टर म्हणतात. शेजाऱ्याच्या आजोबांनी तो दुकानातून नवा घेतला होता, आणि ही ‘नवा घेतला होता’ची गोष्ट शेजारी पुनःपुन्हा सांगतो, असे आतेभावाने लिहिले होते. त्यात मला नवल वाटले नाही. आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरातही एक वाक्य पन्नास वर्षे असेच चालत आले आहे : नानांनी ट्रॅक्टर कोरा घेतला.

नाना म्हणजे माझे आजोबा. ते शिक्षक होते आणि हातोदच्या वाटेवर त्यांची चौदा एकर काळी जमीन होती, त्यांपैकी दोन एकरांत पेरूची बाग. घरातली सायकल, शिवणयंत्र, रेडिओ, एवढेच काय पण त्यांचा लग्नातला कोटसुद्धा आधी कोणाचा तरी होता. अशा माणसाने १९७१ साली ट्रॅक्टरसाठी नाव नोंदवले, तेव्हा आजीने दोन दिवस त्यांच्याशी बोलणे टाकले होते. त्या काळी ट्रॅक्टर पैसे मोजले की मिळणारी वस्तू नव्हती. मागणी मोठी आणि उत्पादन तोकडे, त्यामुळे सरकारने त्याच वर्षी वाटप आणि विक्रीवर नियंत्रण आणणारा आदेश काढला होता. विक्रेत्याकडे नोंदणी करायची आणि आपला क्रमांक येण्याची वाट पाहायची. नानांनी वाट पाहिली, जमीन भूविकास बँकेकडे गहाण ठेवली, बैलांच्या दोन जोड्यांपैकी एक विकली आणि १९७३ च्या दसऱ्याला आयशर घरी आणला.

आयशरच का, याचे उत्तर बाबा आजही नानांच्याच शब्दांत देतात : पाणी नको म्हणून. बव्हेरियातल्या फोर्स्टर्न गावच्या दोन भावांनी उभी केलेली ही जर्मन कंपनी हवेने थंड होणाऱ्या डिझेल इंजिनासाठी प्रसिद्ध होती, आणि तिच्याशी करार करून फरीदाबादच्या कारखान्यातून २४ एप्रिल १९५९ रोजी इथला पहिला आयशर बाहेर पडला होता. आमच्या ट्रॅक्टरला एकच सिलिंडर होते आणि पाण्याने इंजिन थंड ठेवणारा रेडिएटर नव्हताच. पंख्याचा वारा सिलिंडरभोवतीच्या पातळ पाकळ्यांमधून जाई आणि उष्णता घेऊन बाहेर पडे. चैत्र-वैशाखात आमची विहीर तळ दाखवू लागली की बादलीभर पाण्याचाही हिशेब होई. तहान नसलेले यंत्र नानांना परवडणारे वाटले, आणि माझ्या मते त्यांच्या साऱ्या हिशेबांत हा एकच हिशेब पहिल्या दिवसापासून बरोबर होता.

बाकीचा हिशेब कागदावर जमत नव्हता हे मान्य केले पाहिजे. चौदा एकरांसाठी पंचवीसेक अश्वशक्तीचा ट्रॅक्टर ही तेव्हा चैनच होती. त्यातच तो घरी आला त्याच महिन्यात पश्चिम आशियात युद्ध पेटले, आणि पिंपामागे सुमारे तीन डॉलरला मिळणारे खनिज तेल जानेवारी १९७४ पर्यंत अकरा डॉलरांच्या पुढे गेले. आजी त्या वर्षी जेवताना डिझेलचा भाव विचारत असे, आणि नाना ताटाकडे पाहून सांगत असत.

दसऱ्याच्या दिवशीची हकिकत मात्र सगळे हौसेने सांगतात. शहरातून हातोदपर्यंतचा रस्ता बाबांनी मडगार्डवर बसून पार केला. ते तेव्हा चौदा वर्षांचे होते. शेतावर आजीने चाकांना हळद-कुंकू लावले, बॉनेटवर आपट्याची पाने ठेवली आणि नारळ फोडला. आमचा हाली, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहिलेला गडी, बाजूला उभा राहून काही न बोलता हे सारे पाहत होता. विक्रेत्याच्या माणसाने ट्रॅक्टर गोठ्यात लावण्यासाठी मागे घेतला, तेव्हा तो पहिल्यांदा बोलला : ‘दासाब, बैल तो पाछा नी चाले, यो पाछो बी चाले!’ म्हणजे बैल मागे चालत नाही, हा मागेही चालतो. कोरेपणाचे कौतुक आम्ही शहरातल्या माणसांनी केले; यंत्राचे मर्म त्याने ओळखले.

कोऱ्या यंत्राचा खरा अर्थ पुढच्या काही आठवड्यांत कळला. पुस्तिकेत लिहिले होते की पहिले पन्नास तास हलके काम घ्यावे, इंजिनावर पूर्ण भार टाकू नये आणि त्यानंतर तेल बदलावे. नव्या इंजिनात पिस्टनच्या कड्या आणि सिलिंडरची भिंत एकमेकींना झिजवत बसत जातात. त्या झिजेचा बारीक धातू तेलात उतरतो, म्हणून पहिले तेल लवकर काढून टाकायचे असते. नानांनी हे पन्नास तास मनगटावरच्या घड्याळाने मोजले आणि एका दोनशे पानी वहीत लिहिले. रब्बीची घाई होती, शेजारी नांगरटीसाठी भाडे देऊ करत होते, तरी त्यांनी नांगर लावू दिला नाही. रिकामी ट्रॉली ओढत ते बागेभोवती फिरत राहिले आणि गावात त्यांचे भरपूर हसे झाले. बाबांचे म्हणणे असे की जुने यंत्र घेतले असते तर आधीच्या मालकाच्या खोडीही त्याच्याबरोबर आल्या असत्या. हे यंत्र बिघडले असते तर आमच्याच हाताने, आणि म्हणून नाना इतके जपत होते.

ती वही माझ्याकडे आहे. पुस्तिका इंग्रजीत होती आणि नानांनी तिचा जवळजवळ सगळा मराठी अनुवाद स्वतःसाठी करून ठेवला आहे. इंजिनाचा वेग आवरणाऱ्या गव्हर्नरला त्यांनी ‘वेगावरक’ म्हटले आहे आणि एअर क्लीनरला ‘श्वासगाळणी’. या गाळणीच्या तळाशी तेलाची वाटी असते. आत ओढलेल्या हवेतली धूळ त्या तेलात अडकते, आणि धुळीच्या दिवसांत ती वाटी रोज काढून धुवावी लागते. हे काम हाली करत असे आणि तो तिला ‘हवा को लोटो’ म्हणे. श्वासगाळणी वहीतच राहिली; आमच्या घरात आजही लोटाच धुतला जातो. अनुवादक म्हणून नानांना हे लागले असावे, कारण एका पानावर त्यांनी आपला शब्द खोडून कंसात ‘लोटा’ लिहिले आहे.

वहीत सर्वांत जास्त नोंदी मळणीच्या दिवसांतल्या आहेत. मळणीयंत्र पट्ट्याने ट्रॅक्टरवर चाले, आणि उडणारा भुसा पंख्याबरोबर आत जाऊन सिलिंडरच्या पाकळ्यांमध्ये बसे. पाकळ्या बुजल्या की वारा फिरत नाही आणि इंजिन तापते; पाणी नसलेल्या इंजिनात वाफ निघून इशाराही मिळत नाही. त्यामुळे दर दोन तासांनी इंजिन बंद करायचे, निवू द्यायचे आणि कुंचल्याने व सायकलच्या पंपाने भुसा काढायचा, असा नानांचा नियम होता. भाड्याने मळणी करून घेणाऱ्यांना ही विश्रांती रुचत नसे. एकाने वेळेचे पैसे कापलेही, आणि नानांनी त्याची नोंद नाव न लिहिता केली आहे.

काकांच्या नोंदीवर मात्र तांबड्या शाईची रेघ आहे. ते सतरा वर्षांचे असताना छावणी मंडीत बटाटे उतरवून रिकामी ट्रॉली घेऊन परतत होते, आणि हातोदच्या वाटेवरच्या गांधीनगरच्या अलीकडे टाकी कोरडी झाली. त्यांनी चालत जाऊन डिझेल आणले, टाकीत ओतले आणि बॅटरी संपेपर्यंत इंजिन फिरवले, पण ते सुरू होईना. डिझेल संपताना नळीत हवा शिरते आणि पंप त्या हवेला नुसता दाबत राहतो. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंत थेंब पोहोचत नाही. नाना रात्री नऊ वाजता शेजाऱ्याच्या जीपमधून बॅटरी आणि वही घेऊन तिथे पोहोचले. त्यांनी स्वतः पान्याला हात लावला नाही. कंदील धरून ते एकेक ओळ वाचत गेले, आणि फिल्टरचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत हाताचा पंप दाबून, पुन्हा आवळून काकांनी एकट्याने हवा काढली. काकांनी पुढे आयुष्यभर कोणत्याही वाहनाची टाकी अर्ध्याखाली जाऊ दिली नाही, आणि याची सारे घर थट्टा करते.

ट्रॅक्टर फिटला तो सोयाबीनमुळे. माळव्यात पूर्वी पुष्कळ काळी जमीन पावसाळ्यात पडीक ठेवत. ओल साठवायची आणि रब्बीला गहू-हरभरा घ्यायचा ही रीत होती. शिवाय पाऊस पडल्यावर आमची माती पायाला वहाणेसारखी चिकटते, आणि वाफसा येऊन पेरणीजोगी होते ती थोड्याच दिवसांसाठी. एका बैलजोडीने तेवढ्या दिवसांत बाग सोडून उरलेले बारा एकर आवरणे शक्य नव्हते. ट्रॅक्टरने ते दोन दिवसांत होई. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आमच्या भागात सोयाबीन पसरू लागले, तेव्हा नानांकडे वाफसा साधणारे यंत्र आधीच उभे होते. त्यांनी हे ओळखून ट्रॅक्टर घेतला होता असे काका सांगतात. वहीत मात्र सोयाबीनचा शब्दही १९७८ पूर्वी नाही. कोळपणी तर पुढेही कित्येक वर्षे उरलेल्या बैलजोडीनेच होत होती.

आतेभावाला उत्तर म्हणून मी दसऱ्याचे छायाचित्र पाठवले. त्यात आजी, हाली, बाबा आणि आयशर आहेत, आणि ते कृष्णधवल आहे. त्याने साहजिकच विचारले की रंग कोणता होता. बाबा म्हणाले निळा. आत्या म्हणाली तांबडा, कारण कुंकू त्यावर दिसत नव्हते हे तिला आठवते. ट्रॅक्टर अजून शेडमध्ये उभा आहे, पण मधल्या काळात तो दोनदा रंगवून झाला आहे. गेल्या रविवारी आम्ही तिघे हातोदला गेलो आणि बाबांनी अवजारपेटीच्या खालची जागा खिळ्याने खरवडली. वरचे दोन थर निघाले आणि त्याखाली विटकरी रेड ऑक्साइड दिसला. आत्या म्हणाली, ‘बघ, तांबडा.’ बाबा म्हणाले, तो नुसता अस्तर आहे, पेटीखाली रंग कोण मारतो. आणि ते खिळा घेऊन मडगार्डच्या आतल्या बाजूकडे वळले.