हयातीचा दाखला

डिचोलीतील बँकेच्या शाखेत मी अनेक वर्षे काउंटरवर बसतो. गोवा सरकारकडून दरमहा आर्थिक मदत देणाऱ्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेच्या ज्येष्ठ लाभार्थ्यांनी हयातीचे दाखले देण्याचे दिवस आले की शटर उघडण्याआधीच बाहेर काठ्या आणि छत्र्यांची रांग लागते.

त्या दिवशी ऐंशीच्या घरातील एक आजी आल्या होत्या. आयुष्य काजू सोलण्यात गेल्यामुळे बोटांवरच्या रेषा पुसल्या होत्या आणि यंत्र चार वेळा अंगठा नाकारून बसले. “हांव जिती आसां न्हय!” त्या यंत्रावरच रागावल्या. सोबत बेळगावकडची पगारी मुलगी होती. तिने आजींच्या मुलाला व्हिडिओ कॉल लावला. तो इंग्लंडमध्ये स्विंडनला वृद्धाश्रमात काम करतो आणि नुकताच रात्रपाळी संपवून खोलीवर आला होता.

आकड्यांचा नाद मला नोकरीनेच लावला. 2011 च्या जनगणनेत साठीपुढच्यांचे प्रमाण देशात 8.6 टक्के होते, गोव्यात 11.2. येथील जननदर बाईमागे सरासरी 1.3 मुलांवर आला आहे आणि तरुण पोर्तुगीज पासपोर्ट काढून जातात. कर्नाटकातून कामाला माणसे आली नसती तर म्हाताऱ्यांचे हे प्रमाण आणखी किती वाढले असते, कोण जाणे. फ्रान्समध्ये पासष्टीपुढच्यांचा वाटा 7 वरून 14 टक्क्यांवर जायला सुमारे 115 वर्षे लागली, त्यामुळे निवृत्तिवेतनाची व्यवस्था उभारायला त्या देशाला पिढ्या मिळाल्या. जपानने तेच अंतर पंचवीसएक वर्षांत कापले, पण तोवर त्याचे कारखाने जगाला माल पुरवत होते. तरीही माणसे कमी पडलीच आणि 2019 मध्ये वृद्धसेवेसह अनेक कामांसाठी परदेशी कामगारांना नवा व्हिसा द्यावा लागला. दुसरीकडे नायजरमध्ये निम्मी लोकसंख्या पंधराच्या आसपास किंवा त्याखालची आहे. म्हातारपण सगळीकडे येते खरे, पण कुठे तिजोरी भरल्यावर, कुठे ती भरण्याआधी. आणि माझ्या मते खरा फरक तिथेच पडतो. गोव्याला तिजोरीत बाहेरून येणाऱ्या मनीऑर्डरींची भर घालायची सवय जुनीच आहे.

शेवटी व्यवस्थापकांनी आजींना समोर पाहून कागदी दाखल्यावर सही केली. मुलाने फोनवरून मला हात जोडले. त्याच्या मागे खिडकीत अजून अंधार होता. आजी पासबुक पिशवीत ठेवत असताना त्या मुलीने हळूच विचारले, गावी आईच्या खात्यावर पैसे पाठवायचे असतील तर कोणती स्लिप भरायची? मी ती भरून दिली.