आमची वाटचाल : घाटावरचं खारं पाणी

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या शोभेच्या माशांच्या दुकानाच्या पाटीवर वर कानडी, खाली मराठी आणि कोपऱ्यात एक निळा मासा आहे. हा मासा खाऱ्या पाण्यातला आहे, हे पाटी रंगवणाऱ्यालासुद्धा पटलं नव्हतं. "समुद्र गोव्याला, तुम्ही घाटावर. कशाला नसता उद्योग?" हे इतक्या जणांनी विचारलंय की उत्तर पाटीवरच लिहून ठेवायला हवं होतं.

गप्पी, मॉली, गोल्डफिशची वर्षं बरी गेली. भाडं सुटलं, बहिणीचं लग्न झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. खाऱ्या पाण्यात उतरलो ते आत्तेभावाच्या भागीदारीत. तो गल्ला सांभाळायचा, मी पाणी.

चोर्ला घाटातून कॅन भरून समुद्राचं पाणी आणा, असं सांगणारे पुष्कळ भेटले. पावसाळ्यात किनाऱ्याचं पाणी अर्धं नदीचंच असतं, ते कोण बघतो? आम्ही पहिल्यापासून आरओच्या (यंत्रातून गाळलेल्या) पाण्यात टँकसाठीचं मीठ कालवतो, लिटरला 35 ते 38 ग्रॅम. खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे डोळ्याला लावायची छोटी दुर्बीण. काचेवर पाण्याचे दोन थेंब टाकायचे, झाकण अलगद टेकवायचं, खाली बुडबुडा राहू द्यायचा नाही आणि खिडकीच्या उजेडाकडे धरून डोळा लावायचा. वर निळं, खाली पांढरं दिसतं. दोघांमधली रेघ घनतेच्या 1.025 आकड्यावर आली की पाणी तयार. माझा जुना रिफ्रॅक्टोमीटर अजून चालतो. त्याचा रबर मी दोनदा बदललाय, पण कुणाच्या हातात देत नाही. तरंगत्या प्लास्टिकच्या काट्यावर भरवसा ठेवणाऱ्यांनी निदान महिन्यातून एकदा तरी तो कुणाच्या तरी रिफ्रॅक्टोमीटरशी ताडून बघावा.

आता हॉटेलची गोष्ट. हायवेवर नवीन हॉटेल झालं, नाव घेत नाही. रिसेप्शनला खाऱ्या पाण्याचा टँक हवा म्हणाले. आम्ही पाच फुटी टँक, स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र), लाइट असं सगळं बसवलं. दगड आणले मुंबईच्या एका हौशी माणसाच्या जुन्या टँकमधले. ते चुनखडीचे होते, वर्षानुवर्षं पाण्यात मुरलेले. असा दगड टाकला की जिवाणू आयते मिळतात, अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे. तरी चार ते सहा आठवडे मासा सोडायचा नाही, हे लिहून दिलं होतं. कागदाची कार्बन कॉपी माझ्याकडे आहे.

मुरलेला दगड एकटा येत नाही. त्याच्या भोकाभोकांत कोण कोण बसलेलं असतं! आधी काचेवर तपकिरी साय धरते, मग हिरवट होते आणि मग एकेक पाहुणा बाहेर निघतो. रात्री दिवे बंद करून टॉर्चला लाल कागद लावून बघा. केसाळ किडे दिसतील. ते उरलेलं खाद्य खातात, त्यांना मारू नका, फक्त हात लावू नका. निवडुंगाच्या कुसासारखे त्यांचे केस बोटात मोडतात. टक् टक् आवाज आला तर पिस्तूल कोळंबी असेल, ती निरुपद्रवी. पण आवाजाबरोबर गोगलगायींचे शंख फुटलेले दिसले, तर शिकारी मँटिस कोळंबी समजा आणि त्या दिवशीच सापळा लावा.

हॉटेलात निघाले दोघे. एक, हिरव्या बटणांचा झुबका, म्हणजे झोअँथिड, प्रवाळाच्या नात्यातला जीव. दुसरा एपटेशिया, डंख मारत टँकभर पसरणारा जीव, तपकिरी, पारदर्शक, लांब बोटांचा. गिऱ्हाईक त्यालाच फूल म्हणून फोटो काढायचे. मी मॅनेजरना सांगितलं, "हे फूल नव्हे, याला कुणी खरवडू नका. तुकडा राहिला तरी त्याचा नवीन होतो. मी येऊन इंजेक्शन देतो." इंजेक्शन म्हणजे पाण्यात कालवलेला शुद्ध चुना, इन्सुलिनच्या सिरिंजने थेट त्याच्या तोंडात. एका वेळी चार-पाचच, नाहीतर पाण्याचा पीएच उसळतो. पानाच्या दुकानातला चुना आणू नका, त्यात काय घातलेलं असतं देव जाणे.

मी जायच्या आत सफाईवाल्याने ब्लेडने सगळे खरवडले. आठवड्यात जिथे सहा होते तिथे काच भरली. मासेही आधीच सोडलेले होते, आम्हाला न विचारता. मग तिथे आमच्याच गल्लीतला दुसरा दुकानदार पोचला. त्याने सांगितलं, "दगड किडका आहे. किचनमध्ये उकळून काढा, सगळं मरतं."

ज्याला झोअँथिड काय असतं हे ठाऊक नाही, त्याने या धंद्यात बोलू नये. त्याच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं जहर असू शकतं आणि उकळल्याने ते जात नाही, वाफेतून छातीत जातं. परदेशात अशा वाफेने घरंच्या घरं दवाखान्यात गेली आहेत. हॉटेलात कामाला असलेल्या खानापूरच्या एका पोराने मला फोन केला. मी पोचलो तेव्हा सांबाराचं मोठं पातेलं गॅसवर होतं, पाणी कोमट झालेलं, दगड बाजूला घमेल्यात. गॅस मी बंद केला. मॅनेजर म्हणाले, "ओ सावकार, बिल बुडेल म्हणून नाटक करताय काय?"

बिल बुडालंच. टँक काढायला लावला आणि तिथे त्या दुसऱ्या दुकानदाराचा अरोवाना, गोड्या पाण्यातला मोठा मासा, बसला. "त्यांच्याकडचा दगड किडका" हे वाक्य अनगोळपासून वडगावपर्यंत फिरलं. दुकानात फक्त खाद्याची पाकिटं खपायची. आत्तेभाऊ म्हणाला, "मिठाचं नाव काढू नको," आणि आपला हिस्सा घेऊन गेला. त्याला दोष देत नाही. पण जाताना स्किमरही त्याने हिशोबात धरला, हे मी विसरलेलो नाही.

तेव्हा उद्यमबागेतले फौंड्रीवाले अण्णा आले. आमचं जुनं गिऱ्हाईक, सुरुवातीच्या गोल्डफिशपासूनचं. म्हणाले, "ते किडके दगड कुठं आहेत? माझ्या केबिनला टँक लाव की." पैसे आधी दिले. ऑफिसात भट्टीचा धूर यायचा, म्हणून एअर पंपाची नळी भिंतीबाहेरून घ्यावी लागली. एपटेशिया मी चुन्याने एकेक मारले. बटणं ठेवली, हातमोजे आणि चष्मा लावूनच हाताळली. आणि मग जिथे काहीच नव्हतं अशा एका फटीतून झेनिया नावाचं मऊ प्रवाळ निघालं, मुठी उघडत-मिटत. अण्णा दुपारचं जेवण त्याच्यासमोर घ्यायला लागले.

फुकट मिळालेलं कोरल म्हणून कुणी हुरळून जाऊ नये. दगडी सांगाड्याची प्रवाळं, काळं प्रवाळ, समुद्रपंखा ही सगळी 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. 'दगडाबरोबर कोरल फुकट' अशी पाटी लावून दगड विकणारे आपल्या शहरातही होते. समुद्रातून उचललेला दगड आम्ही घेत नाही, विकत नाही.

आज आमचा सगळ्यात जास्त खपणारा माल आम्हीच बनवतो आणि त्यात अण्णांचा हात आहे. सिमेंट, शिंपल्यांचा चुरा आणि जाडं मीठ कालवायचं, ओल्या वाळूत हाताने खड्डे करून ओतायचं. मीठ नंतर विरघळतं आणि भोकं राहतात. वाळू धुतलेली हवी. कोळशाची भुकटी आणि बेंटोनाइट मिसळलेली फौंड्रीची काळी वाळू चालत नाही, हे अण्णांनीच पहिल्या साच्याला सांगितलं. मग दगड पाण्यात ठेवायचे, पाणी बदलत राहायचं, पीएच 8.3 च्या आसपास येईपर्यंत. महिना, दीड महिना, कधी जास्त. घाई करणाऱ्याला आम्ही दगड देत नाही, मग तो कितीही मोठा असो.

कोल्हापूरचा एक व्यापारी हे दगड नेतो. त्याच्याकडून ते परत आमच्याच गल्लीत कुणाच्या दुकानात येतात, ते मला माहीत आहे. भाव आम्ही त्याच्यासाठी वेगळा ठेवलेला नाही. दगड न्यायला येणाऱ्यांनी झाकणाची बादली आणावी आणि टँकची लांबी-रुंदी लिहून आणावी, अंदाजाने हात पसरून दाखवू नये.